नागपूरचा उन्हाळा, ५५० वॅटचं मशीन आणि कस्टम लूप: किट घ्यावा की सुटे भाग, आणि कॅबिनेट कोणतं?

संत्रानगरी

नमस्कार मंडळी. मशीन असं आहे: प्रोसेसर रायझन ९ ७९५०एक्स, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०८० सुपर, साधा एटीएक्स बोर्ड. काम ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचं, रेंडर रात्र-रात्र चालतो. खोलीत एसी नाही, डेझर्ट कूलर आहे. मे महिन्यात बाहेर ४५ अंश, खोलीत ३४-३५. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही पाण्यावर घ्यायचा विचार आहे, म्हणजे पंप, रेडिएटर आणि ट्यूब स्वतः जोडून केलेला कस्टम लूप.

एका डब्यात मिळणारा तयार किट घ्यावा की सुटे भाग जमवावेत? ३६०चे (१२० मिमीचे तीन पंखे बसतील एवढे) रेडिएटर किती लागतील? कॅबिनेटसाठी लायन ली ओ११ डायनॅमिक इव्हो, कोर्सेअर ५०००डी एअरफ्लो आणि फ्रॅक्टल टोरंट या तिघांत घोळ चाललाय. दिव्यांची हौस नाही. हार्ड ट्यूब दिसायला छान, पण आग्रह नाही.

तांब्याचा_बंब

प्रश्न उलट्या क्रमाने सोडवा. आधी उष्णतेचा हिशेब, त्यावरून रेडिएटर, रेडिएटरवरून कॅबिनेट आणि सगळ्यात शेवटी किट. बहुतेक लोक आधी कॅबिनेट घेतात आणि मग त्यात मावेल तेवढा रेडिएटर कोंबतात.

हिशेब: ७९५०एक्सची टीडीपी (कंपनीने लिहिलेली उष्णतेची पातळी) १७० वॅट लिहिलेली असली तरी सॉकेटला मिळणारी कमाल वीज २३० वॅट. ४०८० सुपर ३२० वॅट. म्हणजे ५५०, वर पंपाचे थोडे. ठोकताळा असा की १२० मिमीच्या एका पंख्याइतक्या रेडिएटरमागे साधारण १०० वॅट धरले आणि पंखे १२००-१३०० आरपीएमला ठेवले, तर पाणी खोलीपेक्षा दहाएक अंशांनी गरम राहतं. तुम्हाला असे सहा तुकडे हवेत, म्हणजे दोन ३६०. एकाच ३६० वर हे चालेल, पण फरक दुपटीच्या आसपास जाईल किंवा पंखे बोंबलत राहतील.

खोली ३५, पाणी ४५-४७. पुण्यात बसून २५ अंशांच्या खोलीत जो लूप करतो त्याचं पाणी ३५ला असतं आणि तो कसाही लूप केला तरी निभावतो. तुमच्याकडे ती सूट नाही. कूलर बंद पडला आणि खोली ४० वर गेली तर पाणी ५२. लूपमध्ये नेहमी वापरतात त्या डी५ पंपाची मर्यादा ६० अंश आहे, म्हणजे हाताशी फार अंतर उरत नाही. म्हणून दोन ३६० ही तुमच्यासाठी चैन नाही, किमान गरज आहे.

आणि पेटजी प्लास्टिकच्या हार्ड ट्यूबचा विषय इथेच संपवा. ती साधारण ६० अंशांच्या पुढे मऊ पडू लागते आणि फिटिंगच्या आत दबलेला भाग आधी ढिला होतो. हार्डच हवी असेल तर अॅक्रिलिक.

शून्य_डेसिबल

वरच्याशी सहमत, पण प्रोसेसरबद्दल एक गोष्ट स्पष्ट करा म्हणजे अपेक्षाभंग होणार नाही. ७९५०एक्स पूर्ण लोडवर ९५ अंश गाठेपर्यंत क्लॉक वाढवत राहतो, तो तसाच बनवलाय. त्याची उष्णता जेमतेम ७० चौरस मिमीच्या दोन चिपलेटमधून (आतल्या छोट्या चिपांमधून) बाहेर पडते आणि वर जाड धातूचं झाकण. अडथळा तिथे आहे, रेडिएटरमध्ये नाही. २३० वॅटला पाणी आणि कोअर यांच्यात ४५-५० अंशांचा फरक सहज पडतो. पाणी ४५ असेल तर कोअर ९०-९५. तिसरा रेडिएटर लावला तरी आकडा फारसा हलणार नाही.

उपाय फुकट आहे. बायोसमध्ये इको मोड १०५ वॅट निवडा, सॉकेटची मर्यादा १४२ वॅटवर येते. रेंडरचा वेग थोडाच घटतो, तापमान पंधरा-वीस अंशांनी उतरतं. त्यावर कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज कमी करायची बायोसमधली सोय) उणे १५-२० पासून तपासत जा.

लूपचा खरा फायदा ग्राफिक्स कार्डाला. तिथे झाकण नाही, ब्लॉक थेट मोठ्या चिपवर बसतो. ३२० वॅटला पाण्यापेक्षा १२-१५ अंश जास्त, म्हणजे ४५च्या पाण्यावर कोअर साठीच्या आत.

कोथरूडकर_२

मग प्रोसेसरवर नुसता ३६०चा एआयओ (तयार, बंद वॉटर कूलर), इको मोड आणि कार्ड हवेवरच? निम्म्याहून कमी खर्चात काम होईल.

शून्य_डेसिबल

होईल. कार्ड अंडरव्होल्ट करून (कमी व्होल्टेजवर चालवून), भरपूर हवा खेळणाऱ्या कॅबिनेटमध्ये हवेवर ठेवणं हा शहाणा पर्याय आहे, आणि त्या पर्यायात टोरंट पहिल्या नंबरावर. पण रात्रभर रेंडर आणि त्याच खोलीत झोप असेल तर आवाजाचा मुद्दा येतो. तिथे लूप जिंकतो.

संत्रानगरी

त्याच खोलीत झोप. म्हणून तर लूप.

गाळणी

कॅबिनेटबद्दल.

टोरंट लूपसाठी काढून टाका. पॉवर सप्लाय वर बसतो, त्यामुळे छताला रेडिएटर लागत नाही. पुढे आणि तळाला लागतात, पण पुढचे दोन १८० मिमीचे पंखे हीच त्याची जान आहे, ते काढून ३६० लावला तर टोरंट कशासाठी घेतलं? रिझर्व्हॉयरलाही (लूपच्या पाण्याच्या टाकीलाही) धड जागा उरत नाही.

ओ११ इव्होत छत, बाजू आणि तळ अशा तीन जागा ३६० साठी आहेत. पुढे काच असल्याने हवा बाजूने आणि तळातून येते. तळातून हवा घ्यायची असेल तर कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, महिन्याभरात जाळी बुजते.

५०००डी एअरफ्लोमध्ये पुढे ३६०, वर ३६०, शिवाय मदरबोर्डाशेजारी बाजूलाही ३६०ची सोय. पुढची जाळी समोरून ओढून निघते. धुळीच्या गावात ही गोष्ट चमचमीत काचेपेक्षा मोलाची. माझं मत ५०००डी: पुढे आत घेणारा, वर बाहेर टाकणारा, मागचा १२०चा पंखा आत घेणारा. तो शेवटचा उलटा का, तर वरच्या रेडिएटरला पुढच्या रेडिएटरमधून आलेली गरम हवाच मिळू नये म्हणून. त्यालाही जाळी लावा.

जाडी मोजून घ्या. ३० मिमी रेडिएटर + २५ मिमी पंखा = ५५. ४५चा घेतला तर ७०. दोन्ही बाजूंनी पंखे लावले तर ३०च्या रेडिएटरलाही ८०. छताखाली बहुतेक कॅबिनेटांत ५५ जमतं आणि त्यापुढे व्हीआरएमचा (बोर्डावरच्या वीज-नियंत्रक भागाचा) हीटसिंक किंवा उंच रॅम आडवी येते. म्हणून वर ३०, पुढे ४५. आणि प्रोसेसरच्या ८ पिनच्या दोन केबली रेडिएटर लावण्याआधी जोडा, नंतर तिथे बोटं जात नाहीत.

कार्डाच्या लांबीचं दडपण घेऊ नका. मूळ कूलर सर्किट बोर्डाच्या बराच बाहेर आलेला असतो, ब्लॉक लावल्यावर कार्ड आखूड आणि पातळ होतं. मात्र वीजजोडणीची केबल आणि काच यांत अंतर ठेवा. १२व्हीएचपीडब्ल्यूआर केबल कनेक्टरपासून निदान ३५ मिमी सरळ जाऊ द्या, मगच वळवा.

लॅमिंग्टन_रोड

किटचं. डब्यात साधारणपणे एक रेडिएटर, प्रोसेसरचा ब्लॉक, पंप-रिझर्व्हॉयर, सहा-आठ फिटिंग, दोनेक मीटर ट्यूब, पंखे आणि कूलंट असतं. ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक नसतो, आणि तुम्हाला मुख्यतः तोच हवाय. दुसरा रेडिएटर आणि वरची फिटिंग वेगळी घ्यावी लागतात. म्हणजे किटची बचत तुमच्या बाबतीत उरत नाही. एकट्या प्रोसेसरसाठी शिकायला म्हणून किट बरा.

तरीही किट घेतलाच तर धातू बघा. रेडिएटर अॅल्युमिनियमचा आणि ब्लॉक तांब्याचा असला की एकाच पाण्यात दोन्ही आले आणि गॅल्व्हॅनिक गंज सुरू. अॅल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरा गाळ ब्लॉकच्या बारीक खाचांत अडकतो. ईके या कंपनीची ‘फ्लुइड गेमिंग’ ही मालिका पूर्ण अॅल्युमिनियमची होती, ती आपापसांत चालते, पण जुन्या बाजारात तिचे सुटे भाग मिळतात आणि लोक ते तांब्याच्या लूपमध्ये जोडतात. विकणारा ‘कॉपर टाइप’ म्हणाला तर रेडिएटरचं नेमकं मॉडेल मागा. अल्फाकूलचे नेक्सएक्सओएस, कोर्सेअरचे एक्सआर५, हार्डवेअर लॅब्जचे: यांत पाणी तांबं-पितळेतूनच वाहतं.

ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक मॉडेलवर नाही, सर्किट बोर्डावर ठरतो. ‘४०८० सुपरचा ब्लॉक’ अशी वस्तू नसते. कोणत्या कंपनीचं, कोणत्या मालिकेचं कार्ड, ते ब्लॉकवाल्याच्या यादीत शोधा. बायक्स्की आणि बॅरो यांचे ब्लॉक बऱ्याच कार्डांना मिळतात. आणि कूलर काढल्यावर वॉरंटी राहते का, ते कार्डाच्या कंपनीकडून ई-मेलवर लेखी घ्या. दुकानदाराचं तोंडी ‘चालतंय हो’ नंतर कामाला येत नाही.

संत्रानगरी

धन्यवाद! मग यादी अशी करतो:

५०००डी एअरफ्लो; पुढे अल्फाकूल एक्सटी४५ ३६०, वर एसटी३० ३६०; डी५ पीडब्ल्यूएम पंप-रिझर्व्हॉयर; एएम५ सॉकेटचा प्रोसेसर ब्लॉक; कार्डाचा ब्लॉक; आर्क्टिक पी१२ पंखे सात; १०/१३ची पारदर्शक सॉफ्ट ट्यूब; १०/१६ची कॉम्प्रेशन फिटिंग दहा; पांढरं दुधी कूलंट. पाणी घरच्या आरओचं चालेल ना? टीडीएस ४० आहे.

नळजोड

यादीत चार दुरुस्त्या.

फिटिंग आणि ट्यूब जुळत नाहीत. पहिला आकडा आतला व्यास, दुसरा बाहेरचा. १०/१६च्या फिटिंगमध्ये १०/१३ची ट्यूब बार्बवर (फिटिंगच्या आतल्या तोंडावर) चढते, पण वरची रिंग तिला दाबत नाही. जागच्या जागी घट्ट वाटेल आणि गरम झाल्यावर निसटेल.

१०/१६चीच फिटिंग ठेवा आणि ट्यूब ईपीडीएम रबरी घ्या, ईकेची झेडएमटी किंवा त्या जातीची. काळी, जाड, दिसायला बागेतल्या नळीसारखी, पण पारदर्शक पीव्हीसीतून जो प्लास्टिसायझर सुटतो तो हिच्यातून सुटत नाही. तो चिकट थर ब्लॉकच्या खाचांत बसतो, प्रवाह घटतो, आणि पाणी जितकं गरम तितकं हे लवकर होतं. तुमच्या ४५ अंशांना पारदर्शक ट्यूब हा चुकीचा सौदा आहे.

दुधी कूलंट नको. त्यातले कण तळाशी बसतात, मशीन काही दिवस बंद राहिलं की जास्तच. स्वच्छ, पारदर्शक घ्या.

आरओचं पाणी नाही. ४० टीडीएस म्हणजे क्षार आहेतच. डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड पाण्याचा पाच लिटरचा कॅन घ्या, लॅबचं साहित्य विकणाऱ्यांकडे मिळतो. बॅटरीचं पाणी घ्याल तर सीलबंद आणि लेबलवर डिमिनरलाइज्ड लिहिलेलं, सुटं नाही. नुसतं शुद्ध पाणीही पुरत नाही, त्यात गंजरोधक आणि शेवाळरोधक हवं. ईकेच्या क्रायोफ्युएलचं १०० मिलि कॉन्सन्ट्रेट ९०० मिलि पाण्यात, असं प्रमाण असतं. दोन ३६०च्या लूपला लिटरभर लागेल, दोन लिटर बनवा. सांडतं, आणि पहिल्या आठवड्यात पातळी उतरते. चांदीची कॉइल टाकू नका, निकेलच्या मुलाम्याशी तिचं जमत नाही.

मोजणीही कमी आहे. पाच भाग, प्रत्येकाला दोन, म्हणजे दहा फिटिंग बरोबर. पण निचऱ्याचं काय? सगळ्यात खालच्या जागी टी-जोड आणि बॉल व्हॉल्व्ह लावा, त्याला दोन फिटिंग जास्त. शिवाय ९० अंशांचे फिरते जोड चार. जाड ट्यूब लहान वळणात मुडपते, तिथे ते लागतात.

आणि कळकळीची विनंती: टेफ्लॉन टेप नको. घरी आलेला प्लंबर प्रत्येक आट्यावर गुंडाळतो, पण या फिटिंगचा ‘जी १/४’ मापाचा आटा समांतर आहे, पाणी ओ-रिंगवर अडतं, आट्यांवर नाही. टेपेचे धागे पंपात जातात. हाताने घट्ट होईपर्यंत फिरवायचं, पाना नाही. अॅक्रिलिकचा भाग जादा आवळला की तडकतो.

कोथरूडकर_२

क्रम कसा लावायचा? पंप, मग रेडिएटर, मग प्रोसेसर, मग दुसरा रेडिएटर, मग कार्ड?

तांब्याचा_बंब

जशी ट्यूब कमी लागेल तसा. मिनिटाला ४ लिटर प्रवाह असेल तर ५५० वॅट शोषूनही पाण्याच्या तापमानात फक्त २ अंशांची चढ-उतार होते. मिनिटाला १ लिटरवर तोच फरक ८. म्हणून प्रवाह सांभाळा, क्रमाची चिंता सोडा. एकच नियम: रिझर्व्हॉयरमधून पाणी थेट पंपात यावं.

गाळणी

रेडिएटरच्या स्क्रूंकडे लक्ष असू द्या. अल्फाकूलला एम३ लागतात, काही इतरांना ६-३२, दोन्ही दिसायला जवळजवळ सारखे. २५ मिमीच्या पंख्याला ३० मिमीचा स्क्रू. पंख्याचा ३० मिमीचा स्क्रू पंख्याशिवाय नुसत्या पत्र्यातून लावला तर तो आत पाण्याच्या नळीपर्यंत पोचतो. अल्फाकूल स्क्रूच्या जागी आडवी पट्टी देते, सगळे देत नाहीत. बाजूने बघा, टोक रेडिएटरच्या पातळ पंखांच्या (फिन्सच्या) जाळीला भिडतंय असं वाटलं की थांबा.

नळजोड

जोडणीचा क्रम लिहून ठेवतो, पुढच्यांनाही उपयोगी.

रेडिएटर आधी धुवा. नव्या रेडिएटरमध्ये डाखाचा फ्लक्स आणि धातूची कणी असते. गरम डिस्टिल्ड पाणी अर्धं भरा, टोपणं लावून मिनिटभर हलवा, पांढऱ्या बादलीत ओता. काळे कण दिसेनासे होईपर्यंत. तीन-चार वेळा लागतात, एक्सटी४५ला कधी जास्त.

कार्डावर ब्लॉक बसवताना थर्मल पॅडची जाडी पुस्तिकेत दिलीय तीच. १ मिमीच्या जागी १.५ लावला तर मेमरी चिप थंड राहते आणि मुख्य चिपवर ब्लॉक टेकतच नाही. ओळखायचं असं: कोअर आणि हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) यांत २५ अंशांहून जास्त फरक. १०-१५ ठीक. स्क्रू तिरपे-आमनेसामने, थोडे थोडे.

एएम५वर ब्लॉकसोबत ऑफसेट पट्टी मिळत असेल तर लावा. चिपलेट झाकणाच्या मध्यावर नसून एका कडेला आहेत.

सगळं जोडलं की आधी हवेची चाचणी. हातपंपाचा लीक टेस्टर रिझर्व्हॉयरच्या वरच्या भोकाला लावून ०.५ बार, वीस मिनिटं. काटा हलला नाही तर पाणी भरा. चाचणी चालू असताना कूलर सुरू-बंद करू नका, खोलीचं तापमान बदललं तरी काटा हलतो आणि नसती गळती शोधत बसाल.

पाणी भरताना पॉवर सप्लायच्या २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी तार आणि कुठलीही काळी जोडली की तो बोर्डाशिवाय सुरू होतो. तारा सगळ्या काळ्या असतील तर जम्पर प्लग घ्या, अंदाज करू नका. त्या वेळी फक्त पंपाला वीज. रिझर्व्हॉयर भरा, पाच सेकंद पंप चालवा, बंद, पुन्हा भरा. डी५चं बेअरिंग पाण्यावरच चालतं, कोरडा पंप फिरवला की ते जातं. पातळी स्थिर झाली की कॅबिनेट पुढे-मागे, डावी-उजवीकडे तिरकं करा, रेडिएटरच्या वरच्या टाकीतले बुडबुडे निघतात. मग फिटिंगखाली टिश्यू पेपर ठेवून एक रात्र नुसता पंप चालू द्या.

अॅक्रिलिकवर पडलेलं पाणी सुक्या कापडाने पुसा. स्पिरिट किंवा आयसोप्रोपाइल अजिबात नाही, बारीक भेगा पडतात.

संत्रानगरी

डेझर्ट कूलरमुळे दमट हवा येते. ट्यूबवर, ब्लॉकवर दव धरेल का?

तांब्याचा_बंब

नाही. तुमचं पाणी कायम खोलीपेक्षा गरम आहे, आणि दव खोलीहून थंड पृष्ठभागावर धरतं. बर्फ किंवा चिलर लावणाऱ्यांनी ती काळजी करावी. मात्र कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका, त्यात पाण्याचे बारीक थेंब असतात आणि विदर्भातलं बोअरचं पाणी जड, रेडिएटरच्या पंखांवर पांढरे डाग बसतात. आणि हे ५५० वॅट शेवटी खोलीतच जाणार, लूप असो की हवेचा कूलर. कूलर लावून खिडकी बंद ठेवली तर खोली ३५ला राहणार नाही. मशीनच्या मागची खिडकी उघडी ठेवा.

शून्य_डेसिबल

पंखे प्रोसेसरच्या तापमानावर चालवू नका. कोअर एका सेकंदात वीस अंश उडी मारतो, पंखे उगाच घूं-घूं वर-खाली होतात. जी १/४चा तापमान सेन्सर रेडिएटरवर रिकाम्या राहिलेल्या छिद्रात लावा, त्याची दोन पिनची वायर बोर्डाच्या टी-सेन्सर हेडरला (पिनांच्या जोडणीला). बोर्डावर हेडर नसेल तर अॅक्वाकम्प्युटरचा क्वाड्रो हा पंखे-नियंत्रक.

तुमच्याकडे ठरावीक आकड्याचा कर्व्हही (किती तापमानाला पंख्याचा किती वेग ते) फसतो. जानेवारीत पाणी २८ला, मेमध्ये काही न करता ३७ला. ‘४० झाले की जोरात’ असं ठरवलं तर उन्हाळाभर पंखे जोरातच. दुसरा साधा सेन्सर पुढच्या जाळीपाशी ठेवा आणि फॅन कंट्रोल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन सेन्सरची वजाबाकी करून त्यावर कर्व्ह द्या: फरक ४ असेल तर ६०० आरपीएम, ८ ला ९००, १२ ला १४००, १५ च्या पुढे पूर्ण. बोर्डावर हेडर एकच असेल तर इथेही क्वाड्रोच. पंप कर्व्हवर नको, ६०-७० टक्क्यांवर स्थिर. आणि बायोसमध्ये पंपाच्या आरपीएमवर अलार्म लावून ठेवा.

सात पी१२ एका हेडरवर लटकवू नका. हेडर साधारण १ अँपिअरचा. पॉवर सप्लायच्या साटा केबलवर चालणारा पंख्यांचा हब घ्या.

लॅमिंग्टन_रोड

झेडएमटी इथे मिळाली नाही आणि बाहेरून मागवलीत तर त्याच पार्सलमध्ये ओ-रिंगचा संच आणि एक जादा फिटिंग घालून घ्या. एका रिंगेसाठी दुसऱ्यांदा कस्टम्स भरणं जिवावर येतं.

संत्रानगरी

सुधारित यादी: ५०००डी, एक्सटी४५ पुढे, एसटी३० वर, डी५, १०/१६ ईपीडीएम तीन मीटर, फिटिंग बारा अधिक एक, ९० अंशांचे जोड चार, टी-जोड आणि बॉल व्हॉल्व्ह, सेन्सर दोन, पी१२ सात, साटा हब, पारदर्शक कॉन्सन्ट्रेट दोन बाटल्या. रिझर्व्हॉयर कुठे लावू? पुढे ४५चा रेडिएटर आणि पंखे गेल्यावर जागा किती उरेल?

गाळणी

७० मिमी पुढून जातील. रिझर्व्हॉयर पुढच्या रेडिएटरच्या पंख्यांवरच ब्रॅकेटने बसवा, १२० मिमीच्या पंख्याच्या छिद्रांना बसणारं ब्रॅकेट मिळतं. त्यासाठी पंखे रेडिएटरच्या आतल्या बाजूला, हवा खेचणारे ठेवा. म्हणजे रेडिएटर थेट जाळीला लागतो आणि उन्हाळ्यात पुढची जाळी काढून ब्रशने पंख साफ करता येतात, पंखे सोडवावे लागत नाहीत. ऑर्डर द्यायच्या आधी पंख्याच्या कडेपासून कार्डाच्या ब्लॉकच्या टोकापर्यंतचं अंतर पुठ्ठा कापून बघा. रिझर्व्हॉयरचा व्यास ६० धरला तर ट्यूबला वळायला अजून ४० तरी हवेत. नाही भरलं तर बाजूची जागा आहेच, रिझर्व्हॉयर तिथे उभा करा आणि निचऱ्याचा व्हॉल्व्ह पंपाच्या खाली येईल एवढं बघा.